डोर्ल्याचे देवगांडूळ आणि दुभंगलेल्या भूखंडाची वंशावळ

रत्नागिरीचे नाव घेतले की हापूस, थिबा राजवाडा, लोकमान्यांचे जन्मघर आणि अथांग समुद्र डोळ्यांसमोर उभा राहतो. पृथ्वीवरील प्राण्यांच्या प्राचीन इतिहासाशी मात्र या जिल्ह्याचा संबंध फारसा कोणी जोडत नाही. डायनोसॉरची अंडी गुजरातेत, प्रचंड सरड्यांची हाडे जबलपूरला, तर हत्तींच्या पूर्वजांचे दात शिवालिकच्या टेकड्यांत सापडतात. कोकणच्या वाट्याला असे काही आलेले नाही. असे असूनही जगातील उभयचर प्राण्यांच्या वंशावळीत रत्नागिरी जिल्ह्यातील डोर्ले या लहानशा गावाची नोंद झालेली आहे. तेथील मातीत राहणाऱ्या, वीतभर लांबीच्या, पाय नसलेल्या आणि जवळजवळ आंधळ्या अशा एका प्राण्यामुळे ती नोंद झाली.

या प्राण्याला मराठीत देवगांडूळ म्हणतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला माडाची आळी खणताना, शेणखताचा ढीग उपसताना किंवा गडग्याचा दगड हलवताना तो अचानक हाती लागतो. अंगावर वळ्या असल्यामुळे पाहणाऱ्याला तो मोठे गांडूळ वाटतो आणि वळवळ पाहून काहींना सापाचे पिल्लू वाटते. पुष्कळदा दुसराच समज बळावतो व कुदळीचा घाव बसतो. वस्तुतः तो गांडूळही नाही आणि सापही नाही. बेडकाशी त्याचे नाते या दोहोंपेक्षा कितीतरी जवळचे आहे.

खडकात उत्तर का सापडत नाही

रत्नागिरीच्या भूमीत जीवाश्म का आढळत नाहीत, हे आधी समजून घ्यायला हवे. जीवाश्म तयार होण्यासाठी गाळ लागतो. मेलेला प्राणी चिखलात किंवा वाळूत झटपट गाडला गेला, त्यावर थरावर थर साचत गेले, तरच त्याची हाडे दगडाच्या रूपात टिकतात. रत्नागिरीचा बहुतेक पाया मात्र गाळाचा नसून लाव्ह्याचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पश्चिम भारतात जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्ह्याचे लोट वारंवार बाहेर पडले आणि आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्या काळ्या पाषाणाने व्यापलेला आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर एकावर एक रचलेल्या पायऱ्या दिसतात, ते हेच थर होत. तप्त लाव्ह्यात प्राण्याचे शरीर टिकण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

त्या काळ्या पाषाणावर कोकणात जांभ्याचा थर आहे. उष्ण हवामान आणि भरपूर पाऊस यांमुळे मूळ खडक कुजतो, त्यातील सिलिका वाहून जाते, लोह व ॲल्युमिनियमची संयुगे मागे राहतात आणि तांबूस, सच्छिद्र असा जांभा तयार होतो. आम्लधर्मी पाणी सतत झिरपत असलेल्या या दगडात हाड टिकत नाही. अपवाद एवढाच, की रत्नागिरी परिसरात विहिरी खणताना जांभ्याच्या खाली काही ठिकाणी निळसर चिकणमाती आणि लिग्नाइट, म्हणजे कच्चा कोळसा, लागल्याच्या नोंदी एकोणिसाव्या शतकापासून आहेत. त्यांत झाडांचे अवशेष आहेत. किनाऱ्यालगतच्या जुन्या दलदलींचे व वनांचे ते उरलेले पान आहे. वनस्पतींच्या अभ्यासकांना त्याचे मोल मोठे असले, तरी प्राण्यांची वंशावळ त्यावरून उलगडत नाही.

कोकणच्या सड्यांवर प्राणी दिसतात ते कोरलेले. कशेळीच्या कातळशिल्पातील अवाढव्य हत्ती आणि त्याच्या अंगभर कोरलेले लहान-मोठे जीव सर्वपरिचित आहेत. अन्यत्र गेंड्यासारखी, आज कोकणात नसलेल्या प्राण्यांची चित्रेही आढळतात. २०२२ साली या कातळशिल्पांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. पण हा सारा इतिहास माणसाच्या काळातला, म्हणजे फार तर काही हजार वर्षांचा. देवगांडुळाच्या घराण्यापुढे तो कालचाच म्हणावा लागेल.

वरळीचे बेडूक

लाव्ह्याचा उद्रेक सलग झाला असता, तर पश्चिम भारताच्या त्या काळातील प्राण्यांविषयी काहीच कळले नसते. सुदैवाने तसे झाले नाही. एका लोटानंतर दुसरा लोट येईपर्यंत कधी कधी हजारो वर्षे जात. त्या मधल्या शांततेत खडकावर माती तयार होई, खोलगट जागी तळी साचत, वनस्पती वाढत आणि प्राणी वस्तीला येत. पुढचा लोट आला की हे सगळे त्याखाली गाडले जाई. दोन लाव्हाथरांच्या मध्ये सापडणाऱ्या अशा गाळाच्या पातळ पट्ट्या म्हणजे त्या काळाच्या चिठ्ठ्याच आहेत.

यांपैकी सर्वांत प्रसिद्ध चिठ्ठी मुंबईत, वरळीच्या टेकडीवर सापडली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील खोदकामात निघालेल्या काळसर, पापुद्र्यांच्या दगडात लहान लहान बेडकांचे सांगाडे दिसले. विख्यात शरीररचनातज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. ‘डायनोसॉर’ हा शब्द घडवणारे ओवेन ते हेच. त्यांनी या बेडकाला ‘राना’ या परिचित प्रजातीत घातले होते. पुढे १९३० मध्ये अमेरिकेतील जी. के. नोबल यांनी सांगाड्यांची पुन्हा तपासणी करून त्याला ‘इंडोबॅट्रॅकस’ हे स्वतंत्र नाव दिले. भारतात आज डबक्याडबक्यांतून ओरडणाऱ्या बेडकांपेक्षा ऑस्ट्रेलियातील एका गटाशी त्याचे अधिक साम्य आहे, असे त्यांना आढळले. त्याचे नेमके स्थान कोणते, याविषयी तज्ज्ञांत पुढेही मतभेद राहिले. परंतु मुंबईच्या बेडकाचे सोयरे ऑस्ट्रेलियात शोधावे लागावेत, ही गोष्टच विचार करायला लावणारी आहे. शिवाय १९३० मध्ये खंड सरकतात हे मानणारे भूशास्त्रज्ञ मोजकेच होते.

त्याच वरळीच्या दगडांत कासवेही मिळाली. मुंबईत वैद्यकीय सेवेत असलेले हेन्री कार्टर यांनी १८५२ मध्ये मुंबई बेटाच्या भूशास्त्रावर लिहिताना एका गोड्या पाण्यातील कासवाचे वर्णन केले होते. हे कासव मान आत न ओढता बाजूला वळवून कवचाखाली दडवणाऱ्या गटातील होते. हा फरक किरकोळ नाही. कासवांच्या दोन मोठ्या शाखा त्यावरूनच ओळखल्या जातात. बाजूला मान वळवणारी कासवे आज आफ्रिका, मादागास्कर, दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाच्या परिसरात आहेत. भारतात त्यांची एकही जात उरलेली नाही. कोकणच्या विहिरी-तळ्यांत दिसणारी कासवे, नद्यांतील मऊ पाठीची कासवे आणि वेळास, आंजर्ले येथील किनाऱ्यांवर अंडी घालायला येणारी सागरी कासवे हे सगळे दुसऱ्या शाखेचे वंशज होत. वेळासला पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यासाठी दरवर्षी गर्दी करणाऱ्यांना तेथून फार दूर नसलेल्या मुंबईत एकेकाळी अगदी निराळ्या कुळातील कासवे नांदत होती, याची सहसा कल्पना नसते.

तुटत गेलेला भूखंड

या कोड्यांचे उत्तर भूखंडांच्या प्रवासात आहे. दक्षिण अमेरिका, आफ्रिका, मादागास्कर, भारत, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका हे प्रदेश एकेकाळी जोडलेले होते. या महाखंडाला गोंडवन म्हणतात. हे नाव मध्य भारतातील गोंडांच्या प्रदेशावरून पडले, हे येथे सांगायला हवे. जगभरच्या पाठ्यपुस्तकांतील इतक्या मोठ्या संज्ञेचे मूळ सातपुड्याच्या आसपास आहे.

खंड सरकतात हे मान्य होण्यापूर्वी या साम्याचा उलगडा करण्यासाठी विद्वानांनी समुद्रात बुडालेले पूल आणि भूखंड कल्पिले होते. लेमूर हे प्राणी मादागास्करमध्ये, तर त्यांच्यासारखे प्राणी भारतात का, या प्रश्नावर फिलिप स्क्लेटर यांनी १८६४ साली ‘लेमुरिया’ नावाचा बुडालेला खंडच सुचवला. भूखंड बुडाला नव्हता, तर तुकडे होऊन दूर गेला होता, हे जगाला पटायला आणखी शंभर वर्षे जावी लागली. आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा तिची टिंगलच अधिक झाली.

आजच्या हिशेबानुसार भारत व मादागास्कर यांची जोडी आधी आफ्रिकेपासून सुटली. सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी मादागास्कर मागे राहिले. त्यानंतर भारत आणि सेशेल्स यांचा एकत्रित तुकडा उत्तरेकडे निघाला. दख्खनचा लाव्हा उसळला त्याच सुमारास, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, सेशेल्सही भारतापासून तुटले आणि हिंदी महासागराच्या मध्यावर राहिले. रत्नागिरीपासून सुमारे तीन हजार किलोमीटरवर असलेली ही चिमुकली बेटे पर्यटकांना नारळी व निळ्या पाण्यासाठी माहीत असतात. महासागरातील बहुतेक बेटे ज्वालामुखीची किंवा प्रवाळाची असतात. सेशेल्सची मुख्य बेटे मात्र ग्रॅनाइटची, म्हणजे खऱ्याखुऱ्या भूखंडाचा तुकडा आहेत. भारत पुढे एकटाच जात राहिला आणि सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडला. हिमालय त्या धडकेतून उभा राहिला.

म्हणजे भारताच्या प्राणिसृष्टीला दोन माहेरे आहेत. काही वंश गोंडवनातून भारताच्या पाठीवर बसून आले. बाकीचे धडकेनंतर आशियातून पायी उतरले. वाघ, हरणे, कोल्हे आणि बहुतेक सस्तन प्राणी दुसऱ्या प्रकारचे. पहिल्या प्रकारच्या वंशांपैकी बहुतेक नष्ट झाले. वरळीची कासवे त्यांतलीच. जे टिकले, त्यांत उभयचर प्राणी विशेष महत्त्वाचे ठरतात. त्यांची त्वचा पातळ व ओलसर असते, खारे पाणी त्यांना सोसत नाही आणि त्यामुळे समुद्र ओलांडून जाणे त्यांना सहसा जमत नाही. दोन दूरच्या भूमींवर उभयचरांचे सख्खे नातलग आढळले, तर त्या भूमी कधीतरी जोडलेल्या होत्या असे समजायला सबळ आधार मिळतो.

या तर्काला २००३ साली मोठे पाठबळ मिळाले. केरळातील इडुक्की जिल्ह्यात सापडलेल्या एका जांभळ्या, फुगीर, टोकदार नाकाच्या बेडकाचे वर्णन एस. डी. बिजू आणि फ्रँकी बॉसाइट यांनी ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले. त्याचे नाव त्यांनी ‘नासिकाबॅट्रॅकस सह्याद्रेन्सिस’ असे ठेवले. आपल्या ‘नासिका’ शब्दाने एका शास्त्रीय नावात असे स्थान मिळवले. वर्षातील बहुतेक काळ तो जमिनीखाली वाळवी खाऊन राहतो आणि पावसाच्या आरंभी मोजके दिवस बाहेर येतो. डीएनएच्या तुलनेत त्याचे सर्वांत जवळचे नातलग सेशेल्समधील, नखाएवढ्या आकाराचे बेडूक ठरले. दोघांचे पूर्वज सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले असावेत, असा त्या वेळचा अंदाज होता. नंतरच्या काही अभ्यासांनी हा काळ बराच अलीकडे आणला. सेशेल्सशी असलेले नाते मात्र कायम राहिले.

पाय गमावलेला उभयचर

या जांभळ्या बेडकाच्या बातम्या जगभर झळकल्या. त्याच वर्षी डोर्ल्याच्या प्राण्याचेही शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले, पण त्याची वाच्यता अभ्यासकांच्या वर्तुळाबाहेर फारशी झाली नाही. एम. एस. रविचंद्रन, डेव्हिड गॉवर आणि मार्क विल्किन्सन यांनी ‘जेजिनिओफिस शेषाचारी’ ही नवी जात २००३ मध्ये नोंदवली आणि तिचे मूळ स्थान म्हणून डोर्ले गावाचे नाव कायमचे शास्त्रात गेले. प्रजातीच्या ग्रीक नावाचा अर्थ ‘भूमीतून जन्मलेला साप’ असा होतो. जातीचे नाव बी. आर. शेषाचार या भारतीय प्राणिशास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ आहे. देवगांडुळांच्या पेशींचा व प्रजननाचा अभ्यास त्यांनी केला होता. त्याच वर्षी सिंधुदुर्गातील आंबोलीहून ‘जेजिनिओफिस दानिएली’ ही जात वर्णिली गेली. तिच्या नावात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे जे. सी. डॅनियल यांचे स्मरण आहे. काही वर्षांतच गोवा आणि म्हादईच्या खोऱ्यातूनही याच प्रजातीच्या नव्या जाती जाहीर झाल्या. सह्याद्रीची मातीही किती कमी तपासलेली आहे, हे त्यावरून लक्षात यावे.

उभयचरांचे आज तीन गट आहेत. पहिला बेडकांचा, दुसरा शेपटी असलेल्या सॅलमँडरांचा आणि तिसरा देवगांडुळांचा. जगात देवगांडुळांच्या दोनशेहून अधिक जाती असून त्या उष्ण कटिबंधात आहेत. भारतात त्यांची संख्या ४०च्या आसपास भरते. गांडुळाला पाठीचा कणा नसतो, तोंडात दात नसतात. देवगांडुळाला कणा आहे, मजबूत कवटी आहे आणि आत वळलेल्या टोकदार दातांच्या रांगा आहेत. डोळे बहुतेक जातींत त्वचेखाली, कधी कधी तर हाडाखाली दडलेले असतात. डोळा आणि नाकपुडी यांच्या दरम्यान एक बारीक स्पर्शिका असते. तिच्या साहाय्याने तो अंधारात वास घेतो आणि चाचपडतो. प्राणिसृष्टीत असा अवयव इतरत्र आढळत नाही. डोक्याचा खोऱ्यासारखा उपयोग करून माती रेटत जावे आणि वाटेतील गांडुळे, वाळवी, मुंग्या खाव्यात, असा त्याचा दिनक्रम असतो.

बेडकाचा हा नातलग पाय कसे गमावून बसला, याचे उत्तर जीवाश्मांनी दिले, पण अत्यंत कंजूषपणे. बारीक हाडांचा आणि ओल्या मातीत राहणारा हा प्राणी फारच क्वचित दगडात उतरतो. १९७२ पूर्वी त्याचा एकही जीवाश्म ज्ञात नव्हता. त्या वर्षी ब्राझीलमधील एका मणक्याचे वर्णन झाले. नंतर अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, ज्युरासिक कालखंडाच्या आरंभीच्या, म्हणजे सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात ‘इओसिसिलिया’ सापडला. १९९३ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले तेव्हा सर्वांचे लक्ष गेले ते त्याच्या चार चिमुकल्या पायांकडे. लांबट शरीर, देवगांडुळासारखी कवटी आणि तरीही पाय! त्याचे डोळेही आजच्या वंशजांपेक्षा अधिक विकसित होते. मोरोक्कोतील सुमारे १४ कोटी वर्षांपूर्वीच्या एका रूपाने त्यात भर घातली. २०२३ मध्ये ॲरिझोनातीलच पाषाणीभूत अरण्याच्या राष्ट्रीय उद्यानातून ‘फंकसवर्मिस’ जाहीर झाला आणि वंशावळ सुमारे २२ कोटी वर्षांपर्यंत मागे गेली. त्याच्या लहान जबड्यात आजच्या देवगांडुळाप्रमाणेच दातांच्या दोन रांगा आहेत. त्याचे नाव संशोधकांनी एका जुन्या अमेरिकन गाण्यावरून ठेवले, हा त्यातला खेळकर भाग.

मधल्या कोट्यवधी वर्षांच्या जागा रिकाम्याच आहेत. म्हणून देवगांडुळांचा इतिहास लिहिताना खडकापेक्षा जिवंत प्राण्यांच्या डीएनएवर अधिक भिस्त ठेवावी लागते. दोन जातींच्या डीएनएत जितके अधिक बदल, तितके त्यांचे विभक्त होणे जुने, असे ढोबळमानाने धरले जाते. त्यांचे वय ठरवायला काही जीवाश्मांचे खुंट लागतात. त्या हिशेबात सह्याद्रीतील जेजिनिओफिस आणि सेशेल्समधील देवगांडुळे एकाच शाखेची निघाली. त्यांच्या विभक्त होण्याचा काळही सेशेल्स भारतापासून तुटण्याच्या काळाशी सुसंगत आहे. दुसरा एक पुरावा ईशान्य भारतातून आला. २०१२ मध्ये तेथून ‘चिकिलिडी’ हे देवगांडुळांचे नवे कुलच जाहीर झाले. त्याचे सर्वांत जवळचे नातलग आफ्रिकेत आहेत.

येथे एक प्रश्न स्वाभाविकपणे उभा राहतो. डोर्ल्याच्या प्राण्याचे पूर्वज गोंडवनातून भारतासोबत आले, हे मान्य केले तरी संपूर्ण कोकण लाव्ह्याने झाकले गेले त्या वेळी ते कुठे होते? ते ज्या जागी आज आहेत, तेथेच टिकून राहिले असतील, हे संभवत नाही. कारण खाली शेकडो मीटर जाडीचा पाषाण आहे. लाव्ह्याच्या सीमेपलीकडे, दक्षिणेकडे कर्नाटक, केरळ, तमिळनाडूच्या बाजूला जुन्या खडकांचा प्रदेश मोकळा राहिला होता. तेथे आसरा घेतलेले वंश नंतर उत्तरेकडे पसरले असावेत, असे मानणे सयुक्तिक ठरते. पाषाण कुजून माती व्हायला, तिच्यावर अरण्य उभे राहायला आणि पालापाचोळ्याखाली ओल धरून राहायला लाखो वर्षे लागली. जांभ्याचा सडा वरून कितीही रखरखीत दिसला, तरी त्याच्या कडेच्या घळीत, पऱ्यांच्या काठी व माड-पोफळीच्या बागांत ही ओल असते. कोकणच्या माणसाने ज्या दगडाची घरे बांधली, त्याच दगडाच्या मातीने या प्राण्याला पुन्हा घर दिले.

पिल्लांना जन्म देणारी मादी

डोर्ल्याच्या जातीचे खरे वैशिष्ट्य २००८ मध्ये उघड झाले. डेव्हिड गॉवर, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे वरद गिरी आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील महेश धारणे व योगेश शौचे यांनी या जातीचा अभ्यास प्रसिद्ध केला. मादीच्या अंडवाहिनीत वाढणारे भ्रूण आढळले. म्हणजे ही मादी अंडी घालत नाही, तर पिल्लांना जन्म देते. आशियातील कोणतेही देवगांडूळ असे करते, याची ही पहिली नोंद होती. पुढे २०१४ मध्ये इंडोनेशियातील सुलावेसी बेटावरील एक बेडूक थेट डिंभकांना जन्म देतो, असे जाहीर झाले.

याचे महत्त्व कुतूहलापुरते नाही. जेजिनिओफिसच्या इतर काही जाती अंडी घालतात व त्यांतून थेट लहान देवगांडूळ बाहेर येते. बेडकासारखी पाण्यातील शेपटीवाली अवस्था त्यांना नसते. एकाच प्रजातीत अंडी घालणारे आणि पिल्ले देणारे दोन्ही निघाल्यामुळे, पिल्लांना जन्म देण्याची पद्धत देवगांडुळांत एकदाच निर्माण होऊन सर्वत्र पसरली नसून वेगवेगळ्या शाखांत स्वतंत्रपणे उद्भवली, हे दिसून आले. त्याला त्यांच्या शरीराची आधीपासून अनुकूलता होती. बहुतेक बेडकांत अंडी शरीराबाहेर फलित होतात; देवगांडुळांत फलन मादीच्या शरीरात होते. अंडे आत फलित झाले, तर ते आतच थोडे अधिक काळ राहण्याचा मार्ग मोकळा होतो.

अन्य देशांतील पिल्ले देणाऱ्या देवगांडुळांत आतल्या भ्रूणांना विशेष प्रकारचे दात असतात आणि त्यांनी ते अंडवाहिनीचे पोषक अस्तर खरवडून खातात. ऐकायला हे विलक्षण वाटेल, पण या घराण्यात मातेच्या शरीरावर पोसण्याचे आणखीही प्रकार आहेत. केनियातील एका जातीची पिल्ले जन्मानंतर आईच्या मेदयुक्त त्वचेचा वरचा थर ओरपून खातात आणि आईला नवा थर येतो. २००६ मध्ये हे प्रसिद्ध झाले. ब्राझीलमधील एका जातीत माता पिल्लांना दुधासारखा द्राव पाजते, असे २०२४ मध्ये दिसले. अपत्यसंगोपन ही केवळ सस्तन प्राणी आणि पक्ष्यांची मिरास आहे, हा समज त्यामुळे सोडावा लागतो.

कोकणात हीच पद्धत का रुजली, असा प्रश्न विचारला जातो. जांभ्याच्या प्रदेशात पावसाळा संपला की पऱ्ये आटतात, वरची माती भाजून निघते. तेव्हा अंडी बाहेर ठेवण्यापेक्षा ती पोटात सांभाळणे सोयीचे, हे स्पष्टीकरण आकर्षक वाटते. पण त्यात एक उणीव आहे. थेट पिल्लू बाहेर येणारी अंडीही डबक्यावर अवलंबून नसतात, त्यांना जमिनीखालची ओल पुरते. शिवाय तितकाच कडक उन्हाळा सोसणाऱ्या इतर देवगांडुळांनी अंड्यांचाच मार्ग धरला आहे. एवढ्यावरून निर्णय देणे घाईचे होईल.

अशा प्राण्याला ‘जिवंत जीवाश्म’ म्हणण्याचा मोह वृत्तपत्रांना नेहमी होतो. देवगांडुळांना ही उपाधी लागू पडत नाही. त्यांचा वंश जुना आहे खरा, पण तो थांबलेला नाही. पाय गेले, डोळे झाकले गेले, स्पर्शिका आली आणि डोर्ल्याच्या जातीने तर अंड्यांची चालही सोडली. जुन्या वाड्यातील माणसे जुनीच असतात असे नाही. वाशिष्ठीच्या पात्रात चिपळूणजवळ ऊन खात पडणाऱ्या मगरींनाही हीच गोष्ट लागू आहे. त्यांचे कुळ डायनोसॉरांच्या समकालीन असले, तरी त्या स्वतः त्या काळातील मगरी नाहीत.

पश्चिम घाटाबाहेर या प्रजातीचे एखाददुसरे उदाहरण आढळते. २०१३ मध्ये पूर्व घाटातून तिची एक जात नोंदवली गेली. बाकी सगळे कुटुंब सह्याद्री आणि त्याच्या पायथ्याच्या पट्ट्यातच आहे. बरेच देवगांडूळ संरक्षित अरण्यात नसून माणसाच्या वाडीत, परसात, बागेत राहतात. त्यामुळे त्यांचे भवितव्य वनखात्यापेक्षा शेतकऱ्याच्या हाती अधिक आहे. ओलसर त्वचेतून श्वास घेणाऱ्या प्राण्याला मातीत मुरलेली कीटकनाशके व तणनाशके थेट लागतात. पालापाचोळा जाळून बाग स्वच्छ ठेवली की त्याचे भक्ष्यही जाते आणि ओलही जाते. तो माणसाला इजा करत नाही आणि वाळवी खातो, ही माहिती गावात पोहोचली, तर निदान कुदळीचे घाव कमी होतील.

चिरेखाणींचा प्रश्न याहून अवघड आहे. घरांसाठी जांभ्याचे चिरे काढणे हा कोकणातील जुना आणि अनेकांच्या पोटाचा धंदा आहे. आता ते काम यंत्राने होते. खाण सुरू करताना सड्यावरची वीत-दोन वीत माती आधी खरवडून बाजूला लोटली जाते, कारण तिला बाजारात किंमत नाही. देवगांडुळाचा सगळा संसार त्या वीत-दोन वीत मातीतच असतो.